पिस्तुलाची गोळी, रायफलीची नळी

पिस्तुलाचेच काडतूस वापरणाऱ्या, पण दस्ता खांद्याला टेकवून दोन्ही हातांनी झाडायच्या आखूड रायफलीला पिस्तूल-कॅलिबर कार्बाइन म्हणतात. ही कल्पना जुनी आहे. १८७३ च्या विंचेस्टर रायफलीचे .४४-४० काडतूस पुढे कोल्टच्या रिव्हॉल्व्हरमध्येही चालू लागले आणि एकाच जातीची काडतुसे दोन्ही शस्त्रांना पुरू लागली. आज तीच जागा प्रामुख्याने गेऑर्ग लुगर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी तयार केलेल्या ९ × १९ मि.मी. काडतुसाने घेतली आहे. अमेरिकेत घराच्या संरक्षणासाठी आणि नेमबाजीच्या सरावासाठी अशी कार्बाइन घेणारे अनेक जण लांब नळीमुळे गोळीची ताकद पुष्कळ वाढेल अशी अपेक्षा ठेवतात. ती अपेक्षा भौतिकशास्त्र फारशी पुरी करत नाही. कार्बाइनचा खरा लाभ वेगळ्याच ठिकाणी आहे.

९ मि.मी. काडतुसात एक ग्रॅमच्या निम्म्याहूनही कमी दारू असते आणि ती जलद जळणारी असते, कारण साधारण १० सें.मी. लांबीच्या नळीतच तिने आपले काम उरकावे, अशा बेताने ती निवडलेली असते. गोळी थोडे अंतर पुढे सरकते तोवर बहुतेक दारू जळून गेलेली असते; त्यापुढे तयार झालेला वायू फक्त प्रसरण पावत राहतो, त्याचा दाब झपाट्याने उतरतो आणि नळीचे घर्षण मात्र कायम राहते. ७.४५ ग्रॅमची गोळी पिस्तुलातून सेकंदाला सुमारे ३५५ मीटर वेगाने निघत असेल, तर ४० सें.मी. नळीतून ती ४०० मीटरच्या आसपास पोहोचते. नळी चौपट झाली तरी वेग जेमतेम अष्टमांशाने वाढला आणि ऊर्जा सुमारे ४७० जूलवरून ६०० जूलवर गेली. ९.५ ग्रॅमच्या जड गोळीला याहूनही कमी फायदा मिळतो. याउलट .२२३ रायफलीच्या काडतुसात सावकाश जळणारी दारू बरीच जास्त असते आणि ३.६ ग्रॅमची हलकी गोळी दीड हजार जूलहून अधिक ऊर्जा घेऊन निघते. मग कार्बाइनची नळी ४० सें.मी. का ठेवतात? १६ इंचांपेक्षा आखूड नळीच्या रायफलीची अमेरिकेत १९३४ च्या राष्ट्रीय शस्त्र कायद्याखाली संघराज्य सरकारकडे नोंदणी करावी लागते. ही लांबी मुख्यतः कायद्याने ठरवली आहे.

खरा लाभ आहे तो स्थिरतेचा. पिस्तुलावर मागची खाच आणि पुढची माशी यांच्यात साधारण १६ सें.मी. अंतर असते. माशी एक मिलिमीटर जरी बाजूला सरकली, तरी १० मीटरवर गोळी सहा सें.मी.हून अधिक चुकते. तेच अंतर ४० सें.मी. असेल, तर चूक अडीच सें.मी.वर येते. शिवाय खांदा, गाल आणि दोन हात असे चार आधार मिळतात. धक्काही निवळतो: गोळीचा संवेग जवळपास तेवढाच राहतो, पण पाऊण किलोच्या पिस्तुलाऐवजी तीन किलोंची कार्बाइन मागे ढकलली जाते, त्यामुळे धक्क्याची ऊर्जा चौथ्या हिश्श्याजवळ येते. नवशिक्यासाठी हा फरक गोळीच्या वाढीव वेगापेक्षा कितीतरी मोलाचा आहे, असे माझे ठाम मत आहे.

विकत घेताना सर्वांत बारकाईने पाहावी ती यंत्रणा. स्वस्त कार्बाइनमध्ये बहुधा साधी ब्लोबॅक रचना असते, म्हणजे नळीचे मागचे तोंड बंद करणाऱ्या बोल्टला कुलूप नसते आणि त्याचे वजन व मागची स्प्रिंग एवढ्यावरच तो काडतुसाला थोपवून धरतो. बोल्ट ६०० ग्रॅमचा असेल, तर गोळी ४० सें.मी.ची नळी ओलांडेपर्यंत तो अवघे पाचेक मि.मी. मागे सरकतो, तेवढ्या अवधीत दाब उतरलेला असल्याने पुंगळी सुखरूप बाहेर पडते. संवेगाच्या नियमावर उभी असलेली ही रचना साधी आहे, स्वस्त आहे आणि बिघडायला तिच्यात फारसे काही नाही. मात्र तो जड बोल्ट सेकंदाला पाचेक मीटर वेगाने मागे जाऊन आदळतो आणि नेम हलवतो. रुगरच्या पीसी कार्बाइनमध्ये बोल्टला टंगस्टनचे वजन जोडले आहे, ते याच आघाताचा विचार करून. एमपी५ या जर्मन सबमशीनगनच्या घराण्यात रोलर बोल्टला क्षणभर रोखून धरतात, तर सिग कंपनीच्या एमपीएक्स कार्बाइनमध्ये बोल्ट कुलूपबंद राहतो आणि वायूच्या जोरावर उघडतो. दोन्हींत बोल्ट हलका ठेवता येतो, पण किंमत चढते. पाठोपाठ गोळ्या झाडण्याच्या स्पर्धांसाठी ती किंमत मोजावी. कागदी लक्ष्यावर सावकाश सराव करणाऱ्याने साधी ब्लोबॅक घेऊन उरलेले पैसे काडतुसांवर खर्चावेत.

घरात वापरायचा विचार असेल, तर भिंतींचा विचार आधी करावा लागतो. अमेरिकन घरांतल्या आतल्या भिंती बहुधा १२.७ मि.मी. जाडीच्या जिप्समच्या फळ्यांच्या असतात आणि ९ मि.मी.ची गोळी अशा एकाहून अधिक भिंती भेदून पलीकडच्या खोलीत पोहोचू शकते. पोकळ टोकाची गोळी शरीरात फुलून वेग गमावते, परंतु तिच्या पोकळीत जिप्सम भरले तर ती फुलेलच असे नाही. पलीकडे मुले झोपत असतील, तर कोणत्या दिशेने गोळी झाडायची नाही हे आधीच ठरवलेले असावे आणि शस्त्र कुलूपबंद सेफमध्येच असावे. आवाजाचेही तसेच आहे: क्षणिक आवाजासाठी १४० डेसिबल ही धोक्याची पातळी मानतात आणि ९ मि.मी.चा बार ती ओलांडतो, त्यामुळे सरावात कानांना संरक्षण लागतेच. जड गोळी ध्वनीच्या वेगाखाली, म्हणजे सेकंदाला ३४३ मीटरच्या आत राहिली, तर तिच्या ध्वनितरंगाचा कडाका टळतो. नळीच्या तोंडाचा स्फोट मात्र राहतो.

भारतात ९ मि.मी. हा प्रतिबंधित बोअर (नळीचा व्यास) असल्याने सामान्य परवानाधारकाला हा पर्यायच नाही. अमेरिकेत एच-१बी व्हिसावर राहणाऱ्या मराठी मंडळींनीही हे लक्षात घ्यावे की स्थलांतरित नसलेल्या व्हिसाधारकांना शस्त्र बाळगण्यास तिथल्या संघराज्य कायद्याची मनाई आहे आणि शिकारीच्या परवान्यासारखे मोजकेच अपवाद आहेत.

नवी कार्बाइन हाती आल्यावर ती दोन अंतरांवर तपासावी. एआर-१५ या अमेरिकन रायफलीच्या धाटणीच्या कार्बाइनवर नेमयंत्र नळीच्या सुमारे साडेसहा सें.मी. वर असते, म्हणून २५ मीटरवर नेम जुळवला तरी खोलीतल्या पाच मीटरवर गोळी नेमाच्या पाचेक सें.मी. खाली लागते. १०० मीटरपर्यंत जाताना तीच गोळी नळीच्या रेषेपासून ३५ ते ४० सें.मी. खाली उतरलेली असते.