चौथ्या आणि सहाव्या भागांमधला अमोनिया

ब्रिटनच्या पर्यावरण कायद्याला ९ नोव्हेंबर २०२१ रोजी संमती मिळाली. त्याआधी हवेच्या गुणवत्तेवरून दोन्ही सभागृहांत झालेला वाद मुख्यतः एका आकड्याभोवती फिरत होता. अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक कणांचे प्रमाण २०३० पर्यंत घनमीटरमागे १० मायक्रोग्रॅमपर्यंत खाली आणण्याचे बंधन घालावे, ही लॉर्ड्सची दुरुस्ती कॉमन्सने फेटाळली आणि पुढे इंग्लंडसाठी तोच आकडा २०४० अखेरीस गाठायचे ठरले. प्रजातींची घट थांबवण्याची मुदत मात्र २०३०. कायद्यात हवा चौथ्या भागात आहे, जैवविविधता सहाव्या भागात, आणि दोहोंच्या मध्ये पाणी. कायदा लिहिणाऱ्यांना ही विभागणी सोयीची असेल, पण अमोनियाचा रेणू ती पाळत नाही.

जनावरांच्या मूत्रातील युरिया शेणात मिसळला की तेथील जिवाणूंचे युरिएज हे विकर त्याचे विघटन करते आणि अमोनिया वायू सुटतो. युरिया खत जमिनीवर उघडे पसरले तरी हेच घडते. ब्रिटनमध्ये अमोनियाच्या उत्सर्जनातील चार पंचमांशाहून अधिक वाटा शेतीचा आहे. (जे नैसर्गिक ते निरुपद्रवी, ही समजूत येथे उपयोगी पडत नाही, शेणातून आलेला आणि कारखान्यातील युरियातून आलेला अमोनिया यांत काहीही फरक नसतो.)

वाहनांच्या धुरातील नायट्रोजनच्या ऑक्साइडांपासून हवेत नायट्रिक आम्लाची वाफ तयार होते. अमोनिया आम्लारिधर्मी असल्यामुळे तो या वाफेशी संयोग पावतो आणि दोन अदृश्य वायूंपासून अमोनियम नायट्रेटचा घन कण जन्मतो. मात्र हवेत सल्फ्युरिक आम्ल असेल, तर अमोनिया आधी त्याच्याशी जोडला जातो आणि उरलासुरला नायट्रिक आम्लाच्या वाट्याला येतो. शिवाय नायट्रेटची अभिक्रिया उलटसुलट चालते : थंड, दमट हवेत कण टिकतो, तापमान वाढले की तो पुन्हा दोन वायूंत विरघळून जातो. म्हणूनच वसंताच्या आरंभी, शेतांत खत पसरले जात असताना आणि हवेत अजून गारवा असताना, शेतीपासून दूरच्या शहरांतही बारीक कणांचे प्रमाण चढते. वायुरूप अमोनियाचा बराच भाग उगमाजवळच खाली बसतो, पण कण झालेला अमोनिया शेकडो किलोमीटर जाऊ शकतो.

खाली बसलेला नायट्रोजन वनस्पतींना खत म्हणूनच मिळतो, आणि नेमके तेच घातक ठरते. इंग्लंडमधील रोथॅमस्टेड या कृषी संशोधन केंद्रातील पार्क ग्रास या कुरणावर १८५६ पासून प्रयोग सुरू आहे. तेथील खत न दिलेल्या वाफ्यांत ४० च्या आसपास प्रजाती आढळतात, तर अमोनियम सल्फेट मिळालेल्या आणि चुना न घातलेल्या वाफ्यांत दोन-तीनच उरतात. तेथे जमिनीची वाढलेली आम्लताही कारणीभूत आहे, हे खरे. पण एरवीही भरपूर नायट्रोजनावर माजलेले उंच गवत लहान फुलझाडांचा प्रकाश अडवतेच.

शैवाकांची, म्हणजे दगडफुलांची, अवस्था याहून नाजूक असते. त्यांना मुळे नाहीत आणि पानांवर असतो तसा मेणाचा थरही नाही. हवेत जे असेल ते सगळ्या अंगाने शोषले जाते. त्यांच्या दृष्टीने अमोनियाची सुरक्षित पातळी वार्षिक सरासरीने घनमीटरमागे केवळ १ मायक्रोग्रॅम धरली जाते, इतर वनस्पतींसाठी ३. ओकच्या फांदीवर दाढीसारखी लोंबणारी करडी-हिरवी उस्निया शैवाके नाहीशी होऊन त्यांच्या जागी नायट्रोजनप्रिय झँथोरियाचे पिवळे-नारिंगी ठिपके दाटू लागले, की जवळपास अमोनिया असल्याचा संशय घ्यावा. हा बदल १० मायक्रोग्रॅमची मर्यादा पाळणाऱ्या हवेतही होऊ शकतो, कारण ती मर्यादा कणांच्या वजनाची आहे आणि वायुरूपातला अमोनिया त्या वजनात धरलेला नसतो.