श्वास न घेणारी गाणी : आजच्या जपानी पॉपची पार्श्वभूमी

एप्रिल २०२३ मध्ये ‘ओशी नो को’ या ॲनिमेचं, म्हणजे जपानी ॲनिमेशन मालिकेचं, शीर्षकगीत म्हणून योआसोबी या जोडीचं ‘आयडॉल’ आलं आणि जपानच्या बिलबोर्ड यादीत सलग २१ आठवडे पहिल्या क्रमांकावर ठाण मांडून बसलं. जूनमध्ये अमेरिका वगळून काढल्या जाणाऱ्या बिलबोर्डच्या जागतिक यादीतही ते अव्वल आलं. जपानी भाषेतल्या गाण्याला हा मान तेव्हा पहिल्यांदाच मिळाला. साडेतीन मिनिटांच्या या गाण्यात रॅप आहे, भव्य कोरस आहे, चाहत्यांच्या आरोळ्या आहेत आणि मध्येमध्ये चालच बदलते. पहिल्यांदा ऐकणारा हमखास म्हणतो, अहो, जरा दम घ्या की!

ही तक्रार सध्या गाजणाऱ्या कितीतरी जपानी गाण्यांबद्दल करता येईल. शब्द ठासून भरलेले, सूर गायिकेच्या आवाक्याच्या टोकावर, शेवटच्या कडव्याआधी पट्टी बदललेली. बरेच जण याचं खापर रील्स आणि स्ट्रीमिंगवर फोडतात. मला ते पटत नाही. ही घाई टिकटॉकच्या बरीच आधीची आहे आणि ती आली एका अशा गायिकेकडून, जिला फुफ्फुसंच नव्हती.

३१ ऑगस्ट २००७ रोजी साप्पोरोच्या क्रिप्टन फ्यूचर मीडिया या कंपनीनं ‘हात्सुने मिकु’ बाजारात आणली. यामाहाच्या व्होकालॉइड तंत्रावर चालणारं हे सॉफ्टवेअर. संगणकावर सूर मांडायचे, त्याखाली अक्षरं भरायची, की साकी फुजिता या अभिनेत्रीच्या आवाजाच्या तुकड्यांतून गाणं तयार. निळसर हिरव्या वेण्यांची मुलगी फक्त खोक्यावरच्या चित्रात. निको निको दोगा ही व्हिडिओ साइट त्याआधी काही महिनेच सुरू झाली होती. तिथं प्रेक्षकांच्या प्रतिक्रिया थेट चित्रावरून सरकत जायच्या. घरबसल्या चाली बांधणाऱ्या पोरांना एकाच वर्षात गायिकाही मिळाली आणि श्रोतेही.

मिकुला श्वास लागत नाही, घसा बसत नाही, ती नाहीही म्हणत नाही. मग मिनिटाला २४० ठोक्यांच्या लयीत तिच्याकडून अगम्य वेगानं शब्द म्हणवून घेणारं गाणं २००८ मध्येच आलं. हा वेग नुसती कसरत न राहता त्याची शैली झाली, याचं बरंचसं श्रेय वोवाका या टोपणनावाच्या संगीतकाराला जातं. धारदार गिटार, पियानोचा अखंड मारा आणि एकाच सुरावर टणाटण आपटणारे शब्द असा त्याचा घाट. २०१० च्या सुमारास निम्मी साइट त्याचीच नक्कल करत होती, असं म्हटलं तर फारसं चूक होणार नाही. २०१९ मध्ये वयाच्या अवघ्या ३१ व्या वर्षी तो गेला. आजच्या यादीतली गाणी ऐकताना मला त्याचीच आठवण जास्त येते, हे सांगून टाकतो.

पुढचा टप्पा माणसांचा. यंत्रासाठी रचलेली ही गाणी पोरं ईर्ष्येनं स्वतः गाऊन टाकू लागली. बहुतेक जण चेहरा न दाखवता. कराओकेच्या देशात अवघड गाणं हे आव्हानच ठरतं. हीच गाणी ऐकत वाढलेली आदो ही गायिका घरातल्या कपाटात बसून रेकॉर्डिंग करायची. ऑक्टोबर २०२० मध्ये तिचं ‘उस्सेवा’ आलं तेव्हा ती सतरा वर्षांची होती. गाण्याचा कर्ता स्युदोउ हाही व्होकालॉइडच्याच मुशीतला. एप्रिल २०२४ मध्ये टोकियोच्या राष्ट्रीय स्टेडियममध्ये स्वतंत्र कार्यक्रम करणारी ती पहिली एकल गायिका ठरली, तेव्हाही तिचा चेहरा लोकांना माहीत नव्हता. योआसोबीचा संगीतकार आयासे याच वाटेनं आला. आणि आजचा आघाडीचा गायक-संगीतकार केन्शी योनेझु तर २००९ पासून ‘हाची’ या नावानं मिकुसाठी लिहीत होता.

ही मुलं तिथंच का जमली? कारण मोठ्या कंपन्यांनी आपली दारं लावून घेतली होती. जपानमध्ये सीडीची विक्री १९९८ मध्ये शिखरावर पोचली. पुढच्याच वर्षी आलेला हिकारू उतादाचा ‘फर्स्ट लव्ह’ आजही तिथला सर्वाधिक खपाचा अल्बम आहे. ठरावीक किमतीला सीडी विकण्याची कायदेशीर मुभा, त्यामुळे अल्बम तीन हजार येनांच्या आसपास. असा धंदा कोण मोडेल? यूट्यूबवर अर्धंमुर्धं गाणं टाकायचं, बाकीचं दुकानात. एकेफोर्टीएट या मुलींच्या गटाच्या सीडीसोबत त्या मुलींशी हस्तांदोलनाची तिकिटं मिळायची, म्हणून एकेक चाहता डझनावारी प्रती उचलायचा. स्पॉटिफाय तिथं सुरू झालं २०१६ मध्ये. मधल्या दहा वर्षांत ज्याच्या खिशात पैसे नव्हते त्या शाळकरी पोरासाठी फुकट आणि पूर्ण गाणं मिळण्याची जागा म्हणजे निको निको. तिथली आवड पुढे मुख्य प्रवाह झाली, यात नवल काहीच नाही.

ॲनिमेनं त्यावर साचा चढवला. शीर्षकगीताला मिळतात साधारण नव्वद सेकंद. जपानी संगीतकार ज्यांना ए-मेलो, बी-मेलो आणि साबी म्हणतात ते तिन्ही भाग, म्हणजे सुरुवात, चढण आणि मुखडा, तेवढ्यात बसवायचे. शिवाय कथेचा गाभाही सांगायचा. मालिका-गाण्याची ही सांगड जुनीच आहे. नव्वदच्या दशकात ‘स्लॅम डंक’नं अनेक बँडना घराघरात पोचवलं. फरक असा की आता ॲनिमे जगभर त्याच आठवड्यात दिसतं आणि गाणं त्याच्या पाठीवर बसून जातं. ॲनिमे काढणारी ॲनिप्लेक्स ही सोनी म्युझिकचीच उपकंपनी आहे, हेही लक्षात असू द्यावं.

माझी मतं एवढ्या पार्श्वभूमीवर वाचावीत. ‘आयडॉल’ मला थोर वाटतं, कारण त्यातला गोंगाट हाच त्याचा विषय आहे: खोटं हसू विकणारी मुलगी आणि तिला श्वास घेऊ न देणारी गर्दी. योनेझुचं २०२२ चं ‘किक बॅक’ त्याहून चांगलं. किंग गनू या बँडच्या दाइकी त्सुनेतासोबत केलेल्या त्या संयोजनात गाणं मध्येच कोसळतं आणि पुन्हा उभं राहतं. मिसेस ग्रीन ॲपल या बँडनं २०२३ पासून जपान रेकॉर्ड ॲवॉर्ड लागोपाठ पटकावलं. त्यांचा गायक मोतोकी ओमोरीचा गळा खरोखर अचाट आहे, पण प्रत्येक ओळीत तो सिद्ध करायलाच हवा का? साखरेच्या पाकात पुन्हा साखर. बाकी योआसोबीच्या वळणावर निघालेल्या जोड्यांबद्दल बोलायला नको. साचा तोच, गायिका बदलते.

याच भाषेत मोकळी जागा ठेवून गाता येतं, हे जपानी रॉकनं फार पूर्वी दाखवलंय. १९७० च्या आसपास तिथं वाद पेटला होता की रॉक जपानीत गावं की इंग्रजीत. जगात जायचं तर इंग्रजीच, असं रॉक गायक युया उचिदाचं म्हणणं. हॅप्पी एंड या बँडनं जपानीतच गायचं ठरवलं. १९७१ च्या त्यांच्या ‘काझेमाची रोमान’मध्ये ताकाशी मात्सुमोतोचे शब्द चालीवर सैल, ऐसपैस पसरलेले आहेत. त्याच बँडमधला हारुओमी होसोनो पुढे यलो मॅजिक ऑर्केस्ट्रा या बँडमध्ये गेला आणि संगणकी पॉपचा पायाही घातला. म्हणजे दोन्ही वाटा एकाच घरातून निघाल्या.

आजच्या पिढीत त्या सैल वाटेवर मला फुजी काझे हा गायक दिसतो. ओकायामा प्रांतातला, सत्य साईबाबांच्या वचनांवरून अल्बमांची नावं ठेवणारा. ‘ग्रेस’ या गाण्याचा व्हिडिओ त्यानं भारतात येऊन चित्रित केला. २०२० च्या अल्बममधलं त्याचं ‘शिनु नो गा ई-वा’ दोन वर्षांनी थायलंडमधून अचानक जगभर पसरलं. ना ॲनिमे, ना जाहिरात, ना पळापळ. सप्टेंबर २०२५ मध्ये मात्र त्यानं ‘प्रेमा’ हा अख्खा अल्बम इंग्रजीत केला. नीटस, गोड, ऐकायला सुखाचा. पण ओकायामाच्या बोलीत गाताना त्याच्या आवाजात जो ठसका येतो, तो मला त्यात सापडला नाही.