ओरियन ते सोनो: गोयांगच्या बास्केटबॉल टीमची मागची गोष्ट

गोयांग सोनो स्कायगनर्स हे नाव २०२३ मध्ये आलं, त्यामुळे कोरियन लीग नव्याने बघायला लागलेल्यांना ही टीम कालपरवाची वाटते. पण गोयांगच्या जिममध्ये २०२२चा मे ते २०२३चा जुलै एवढ्या सव्वा वर्षात चार नावं लागली, ओरियन, कॅरट, डे वन आणि मग सोनो, आणि खेळणारी पोरं बरीचशी तीच होती. हे कसं झालं ते समजायला थोडं मागे जावं लागेल.

आधी केबीएल म्हणजे तिथली प्रो लीग कशी चालते ते. टीमच्या नावात शहर, कंपनी आणि टोपणनाव असं सगळं असतं, पण शहराचा वाटा बहुतेक वेळा जिमपुरताच, बाकी पगार, प्रवास, परदेशी खेळाडू हा सगळा खर्च कंपनीचा. तिकिटांवर टीम चालत नाही, कंपनी तो खर्च जाहिरातीचा म्हणून सोसते. म्हणजे कंपनीचं मन फिरलं किंवा पैसा आटला की टीम लगेच हवेत. १९९७च्या पहिल्या सीझनला ८ टीम होत्या, त्यातलं सॅमसंगचं नाव तेवढं अजून तसंच आहे. कियाची मोबिस झाली ती ह्युंदाईच्या घरातच, बाकी सगळ्यांचे मालक बदलले. काही तर इतक्यांदा की मोजताना गोंधळ होतो: ग्वांगजूची नासान मग गोल्डबँक झाली, मग यॉसूला जाऊन कोरिया टेंडर, मग बुसानची केटीएफ, आणि आज ती सुवॉनची केटी आहे!

त्याच ८ मधली एक म्हणजे तेगू शहराची डोंगयांग ओरियन्स. डोंगयांग ही बिस्किटं-चॉकलेटवाली कंपनी, पुढे ओरियन नावाने वेगळी झालेली. चोको पाय आपल्याकडे बहुतेकांना लोट्टेचा माहीत असतो, पण कोरियात तो १९७४ मध्ये पहिल्यांदा काढला तो यांनी. टीमचे सुरुवातीचे दिवस मात्र अजिबात गोड नव्हते. १९९८-९९ मध्ये जॉन ही-चॉल आणि किम ब्यॉंग-चॉल हे दोन मुख्य खेळाडू सैन्यात गेले (तिकडे ते सक्तीचं असतं), परदेशी खेळाडू ग्रेग कोलबर्ट मध्येच सोडून गेला, आणि टीम सलग ३२ मॅच हरली. अख्ख्या सीझनला ४५ मॅचमध्ये ३ विजय. आणि तीच टीम २००१-०२ मध्ये चॅम्पियन! किम सुंग-ह्यॉन नावाचा नवा पॉइंट गार्ड (म्हणजे खेळ चालवणारा, पास देणारा) आला, पहिल्याच वर्षी एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू) आणि बेस्ट रूकी (सर्वोत्तम नवखा) दोन्ही घेऊन गेला, सोबत परदेशी खेळाडू मार्कस हिक्स, आणि फायनलला सोलच्या एसकेला ४-३ ने हरवलं. आदल्या वर्षी हीच टीम तळाला होती, हे लक्षात घ्या.

२०११ मध्ये कंपनीने टीम उचलून गोयांगला नेली. सोलला लागूनच असलेलं शहर, नवं कोरं जिम, कंपनीच्या हिशोबाने बरोबर असेल. पण तेगूच्या फॅन्सनी ३२ पराभवांचा सीझनही पचवलेला आणि ट्रॉफीही बघितलेली, त्यांच्या हातातून टीम अचानक गेली, आणि तेगूला परत प्रो बास्केटबॉल मिळायला २०२१ उजाडलं, इंचॉनची इलेक्ट्रोलँड टीम कोरिया गॅसने घेऊन तिकडे नेली तेव्हा. म्हणजे एका शहराचं दुःख संपलं ते दुसऱ्या शहराच्या दुःखाने, मला हे फार लागतं. गोयांगला मात्र चांगले दिवस मिळाले, २०१६ मध्ये कोच चू इल-सुंगच्या टीमने फायनलला केसीसी टीमला ४-२ ने हरवलं आणि ली सुंग-ह्यॉन फायनलचा एमव्हीपी.

मग आला मे २०२२. ओरियनने सव्वीसेक वर्षांनी टीम विकली, घेणारा डे वन अ‍ॅसेट मॅनेजमेंट. त्यामागे देवू शिपबिल्डिंग अँड कन्स्ट्रक्शन नावाची बांधकाम कंपनी, जहाजं बांधणारी ती मोठी देवू नव्हे, तिने ही कधीचीच विकून टाकलेली. टीमचा चेहरा म्हणून 'बास्केटबॉलचा प्रेसिडेंट' म्हणवला जाणारा जुना स्टार खेळाडू हॉ जे, कोच अन्यांग शहराच्या टीमकडून आणलेला किम सुंग-गी, त्याच्या मागोमाग तिथलाच थ्री पॉइंटचा बादशहा जॉन सॉंग-ह्यॉन, आणि नाव विकलं कॅरट इन्शुरन्सला, म्हणून गोयांग कॅरट जंपर्स. कागदावर झकास. पण लीगने जूनमध्येच कागदपत्रं अपुरी म्हणून मंजुरी एकदा लांबवली होती, तेव्हाच पाल चुकचुकली होती.

लीगमध्ये यायची फी १५० कोटी वॉन, तेव्हाच्या दराने साधारण ९ कोटी रुपये. त्यातला ५० कोटींचा पहिलाच हप्ता ऑक्टोबरमध्ये वेळेत भरला नाही, लीगने खेळू देणार नाही म्हणून तंबी दिली तेव्हा कुठे भरला. त्याच सुमारास कोरियात बांधकाम कंपन्यांना कर्ज मिळणं अवघड झालेलं, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये देवूवाली कंपनी कोर्टाच्या देखरेखीखाली गेली. खेळाडूंचे पगार लांबायला लागले, कॅरटनेही नाव काढून घेतलं, मग टीम नुसती डे वन उरली. उरलेले १०० कोटी मार्चअखेर भरले नाहीत तर प्लेऑफ (सीझननंतरच्या बाद फेऱ्या) नाही असं ठरलेलं, ते ३० मार्चला म्हणजे अगदी काठावर भरले.

आणि या सगळ्यात पोरं खेळत होती, नुसती खेळत नव्हती तर जिंकत होती. टीम पाचवी आली, पहिल्या फेरीत मोबिसला ३-२ ने काढलं. सेमीफायनलला अन्यांगच्या केजीसीकडून पहिली मॅच ९९-४३ हरले, ५६ पॉइंटचा फरक, प्लेऑफच्या इतिहासात एवढा कधी नव्हता. वाटलं संपलं. पुढची मॅच जिंकले! शेवटी १-३ ने हरले, पण पगार थकलेल्या टीमने तिथवर जाणं ही माझ्या मते त्या सीझनमधली सगळ्यात मोठी गोष्ट. याआधी २००२-०३ मध्ये यॉसूची कोरिया टेंडर अशीच पैशाच्या चणचणीत सेमीफायनलला गेलेली, पण तिला पुढे केटीएफने विकत घेतलं, लीगमधून कोणी काढलं नव्हतं.

डे वनचं तसं झालं नाही. थकबाकी काही फिटेना, जूनमध्ये कॅप्टन किम कांग-सॉन आणि बाकीचे खेळाडू पत्रकारांसमोर येऊन परिस्थिती सांगत होते, आणि १६ जून २०२३ ला केबीएलने डे वनला लीगमधून काढून टाकलं. लीगच्या इतिहासात पहिल्यांदाच. १८ खेळाडू एका दिवसात बिनटीमचे झाले. जूनपासूनचा पगार लीगने द्यायचा, २१ जुलैपर्यंत नवा मालक शोधायचा, नाही मिळाला तर पोरं स्पेशल ड्राफ्टने (म्हणजे टीमांनी आळीपाळीने निवडून) उरलेल्या ९ टीममध्ये वाटायची, असं ठरलं.

मालक मिळाला तो सोनो इंटरनॅशनल, म्हणजे जुना देम्यंग ग्रुप, हॉंगचॉनच्या व्हिवाल्डी पार्क स्की रिसॉर्टचे मालक. २१ जुलैलाच मंजुरी मिळाली. तेव्हा खेळाडू तेच होते, कोच किम सुंग-गी तोच, शहर तेच, जिमचं नाव सोनो अरेना. फक्त एक फरक, डे वनची मेंबरशिप रद्द झालेली असल्याने सोनो हा विकत घेतलेला नाही, नव्याने स्थापन झालेला क्लब धरतात. त्यामुळे २००२ आणि २०१६च्या ट्रॉफी सोनोच्या खात्यात येत नाहीत, ३२ सलग पराभवही येत नाहीत. गोयांगमध्ये २०१६ची फायनल जिमात बसून बघितलेला माणूस मात्र आजही त्याच जिमात जाऊन बसतो, आणि त्याच्या समोर खेळणाऱ्या टीमच्या नावावर ती ट्रॉफी नाही.