व्हिक्टोरियन विटांचे कॉटेज (न्यू साउथ वेल्स)

राणी व्हिक्टोरियाच्या कारकिर्दीत (१८३७–१९०१) ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्समध्ये कारागीर, मजूर, छोटे दुकानदार ज्यात राहत ते साधे, एकमजली, पक्क्या विटांचे घर. आखणी बहुतेक ठिकाणी सारखीच : मधोमध दार, दोन्ही बाजूंना एकेक खिडकी, आत सरळ बोळ आणि त्याच्या दोन्ही अंगांना खोल्या. पुढे पडवी. स्वयंपाकघर मागे उतरत्या छपराखाली, नाहीतर आगीच्या भीतीने वेगळेच बांधलेले. वास्तुविशारदाचे नाव सहसा सापडत नाही. बहुधा तो नव्हताच.

अशा घराला वारसा का म्हणावे? १९७७च्या राज्य वारसा कायद्यानुसार मूल्य ठरवताना दुर्मिळतेइतकेच महत्त्व प्रातिनिधिकतेलाही आहे. राजवाडे, चर्च आपोआप जपली जातात. चारचौघांसारखे घर मात्र चारचौघांसारखे आहे म्हणूनच पाडले जाते.

या घराचा खरा दस्तऐवज त्याची भिंत. सुरुवातीच्या विटा साच्यात वाळू भुरभुरून हाताने पाडलेल्या, मऊ आणि वेड्यावाकड्या. काहींवर घडवणाऱ्याची खूण किंवा अंगठ्याचा ठसाही दिसतो. १८७०नंतर यंत्राने दाबलेल्या, धारदार कडांच्या विटांचा प्रसार झाला. पैसा बेताचा असला की चांगली वीट दर्शनी भिंतीला, हलकी मागे. पन्हळी पत्रा उचकटला तर खाली कधीकधी मूळच्या लाकडी फळ्यांचे छप्पर तसेच सापडते.

सिडनीच्या ‘द रॉक्स’ भागातील सुझॅना प्लेस (१८४४) हे कॉटेज नव्हे, चार घरांची सलग ओळ. पण सामान्यांच्या विटांच्या घराचे मोल कसे जोखावे हे तिथे उत्तम कळते. मुंबईत १८९६ साली उसळलेली प्लेगची साथ १९०० मध्ये सिडनीला पोचली, तेव्हा सरकारने हा भाग ताब्यात घेऊन शेकडो घरे पाडली. (मुंबईत याच सुमारास इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने हेच आरंभले होते.) सुझॅना प्लेस त्यातून वाचले. १९७०च्या दशकात बांधकाम मजुरांच्या संघटनेने जॅक मंडी यांच्या पुढाकाराने ‘ग्रीन बॅन’ पुकारले, म्हणजे पाडकामाला हातच लावायचा नाही असे ठरवले, आणि द रॉक्सचा बराचसा भाग टिकला. १९९३ पासून सुझॅना प्लेस संग्रहालय आहे. ते एखाद्या साली होते तसे ‘नवे’ करण्याचा मोह टाळून रंगाचे, भिंतीवरच्या कागदाचे आणि जमिनीवर अंथरलेल्या लिनोलियमचे थर एकावर एक राहू दिले, हे शहाणपण. ‘गरजेपुरते सारे, पण शक्य तितके थोडे’ हे बुरा सनदेतले, म्हणजे वारसा जतनाच्या ऑस्ट्रेलियन मार्गदर्शक तत्त्वांतले, सूत्रही हेच सांगते.

कॉटेजचे नुकसान बहुधा हौशी दुरुस्तीनेच होते. मऊ विटा चुन्यात बसवलेल्या असतात आणि भिंतीतली ओल विटांमधल्या चुन्याच्या सांध्यांतून बाहेर पडते. ते सांधे सिमेंटने भरले की ओल विटेतून वाट काढते, लोणा लागतो, वीट पापुद्र्यांनी झडते आणि सिमेंट तेवढे उभे राहते. सिमेंटचा गिलावा त्याहून घातक.

दुसरा धोका परवानगीने येतो. पुढच्या खोल्या व छप्पर राखून मागे प्रशस्त वाढीव बांधकाम करण्यास नगरपालिका पुष्कळदा मान्यता देतात. रस्त्यावरून घर जुनेच दिसते. पण चूल, धुण्याची जागा, परसदार, म्हणजे घरातल्या बाईचा दिवस जिथे जाई, तोच भाग आधी पाडला जातो.