अंगाच्या मापानं दिसणारं जग

पावसाळ्यात गोदावरीला पाणी वाढलं की नाशिककर क्युसेकचा आकडा नंतर विचारतात. आधी विचारतात, नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागलं? गुडघ्याला, कमरेला की छातीला? "छातीपर्यंत" म्हटलं की पूर डोळ्यांपुढे उभा राहतो.

आपला मेंदूही जग असंच अंगाला लावून मोजतो, तेही पाहता पाहता. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमधल्या हेन्रिक एर्सन आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये यावरचा एक विलक्षण प्रयोग प्रसिद्ध केला. माणसाला उताणं झोपवून डोळ्यांवर छोट्या पडद्यांचा चष्मा चढवायचा. पायांकडे नजर टाकली की त्याला स्वतःच्या पायांऐवजी बाहुलीचे पाय दिसायचे. बाहुली कधी ३० सेंटीमीटरची, तर कधी चक्क ४ मीटरची! मग बाहुलीच्या पायाला आणि त्याच्या खऱ्या पायाला एकाच क्षणी काठीनं स्पर्श करत राहायचं. थोड्याच वेळात बाहुलीचं अंग आपलंच वाटू लागे. इवल्या अंगात शिरलेल्या माणसाला समोरचा ठोकळा मोठा आणि दूर दिसे. राक्षसी अंगात तोच ठोकळा लहान आणि जवळ. डोळे मिटून वस्तूपर्यंत चालायला सांगितलं, तर चालही त्याच हिशेबानं लांबे किंवा आखडे.

खरी गंमत पुढे आहे. दोन स्पर्शांची वेळ मुद्दाम चुकवली, की हा परिणाम बराच ओसरे. बाहुली तीच, ठोकळा तोच, डोळ्यांत उतरणारं चित्रही तेच. फक्त 'हे अंग माझं' हे वाटणं विरलेलं. एवढ्याशा वाटण्यानं वस्तूचा आकार बदलावा, याचं मला अजूनही नवल वाटतं.

जुन्या नाशकातला आजोळचा वाडा मोठेपणी एवढासा दिसतो, तेव्हा आपण आठवणीला दोष देतो. त्यात वाढलेल्या अंगाचाही वाटा असणार, असं माझं मत आहे.

फटीतून जाताना तर हे माप उघड दिसतं. वॉरेन आणि व्हँग या संशोधकांनी १९८७ मध्ये दाखवलं, की वाट खांद्यांच्या रुंदीच्या साधारण १.३ पटीहून अरुंद झाली की माणूस अंग तिरपं करतो. धिप्पाड असो की लहान चणीचा, पट तीच. पंचवटीत सीतागुंफेच्या रांगेत उभं राहून बघा. माझ्या पुढच्या काकांचे खांदे भिंतीला लागायच्या आधीच वळले होते. त्यांच्यामागची चिमुरडी सरळ आत गेली.