बूच, सावर आणि फोम : बर्फावर गळ टाकणाऱ्याच्या सूटची पार्श्वभूमी

दिवाळी नुकतीच संपली होती आणि बडोद्यात आम्ही अजून पंखा लावूनच बसत होतो, तेव्हा कॅनडातल्या विनिपेगहून भाच्याचा व्हिडिओ कॉल आला. त्याने कॅमेऱ्यासमोर एक जाडजूड जॅकेट उलटं करून धरलं होतं. कॉलरच्या आत शिवलेल्या पांढऱ्या पट्टीवर बोट ठेवून म्हणाला, "मामा, यावर 'फ्लोट असिस्ट' लिहिलंय. म्हणजे लाइफ जॅकेटच ना?" ऑफिसातल्या मंडळींबरोबर तो गोठलेल्या लेक विनिपेगवर मासे धरायला जाणार होता. बर्फाला ऑगरने भोक पाडायचं, शेजारी स्टूल टाकून बसायचं, गळ सोडायचा. वॉलाय नावाचा मासा मिळतो, तिकडे त्यालाच पिकरेल म्हणतात. हे सगळं ऐकून त्याच्या आईने एकच अट घातली होती, की बर्फ फुटला तरी तरंगत ठेवेल असा सूट घे, मग जा.

मी नोकरीतली बरीच वर्षं समुद्रातल्या तेलफलाटांवर काढली, चौदा दिवस तिकडे आणि चौदा दिवस घरी. त्यामुळे घरात असले प्रश्न माझ्याकडे येतात. उत्तर 'नाही' एवढंच होतं. पण ते का नाही, हे सांगायला घेतलं तर थेट विहिरीत शिरावं लागतं.

आमचे आजोबा विहिरीत पोहायला शिकले ते पाठीला सुकवलेले भोपळे बांधून. काही गावांत पांगाऱ्याचं हलकं लाकूड बांधत. भोपळ्यांच्या अशा जोडणीला सांगड म्हणत. आज आपण कामाची नि घरची सांगड घालतो तेव्हा त्या शब्दाखालचं पाणी कुणाला आठवत नाही. अश्शुरी राजांच्या निमरूदच्या शिल्पांत तर हवा भरलेलं कातडं पोटाखाली धरून नदी ओलांडणारी माणसं कोरलेली आहेत, आणि ती जवळजवळ तीन हजार वर्षांपूर्वीची. तरंगणं ही अक्कल जुनीच आहे.

तिचा गणवेश झाला १८५४ साली. ब्रिटनच्या लाइफबोट संस्थेचे निरीक्षक कॅप्टन वॉर्ड यांनी बुचाचे तुकडे कॅनव्हासवर शिवून खलाशांसाठी बंडी केली. ती अवजड होती, घालायला लोक कुरकुरत. मग ९ फेब्रुवारी १८६१ ला व्हिटबीच्या किनाऱ्यावर वादळात लाइफबोट उलटली. तेरापैकी बारा जण गेले. वाचला तो हेन्री फ्रीमन, आणि बुचाची नवी बंडी त्या दिवशी त्याच्याच अंगात होती. त्यानंतरची कुरकुर किती कमी झाली असेल ते सांगायला नको.

बुचानंतर आली सावर. पांढऱ्या सावरीच्या बोंडातला कापूस, ज्याला जगभर कापोक म्हणतात, तो आपण उशांत भरतो. त्याचे तंतू आतून पोकळ आणि बाहेरून मेणचट, त्यामुळे पाणी आत शिरत नाही आणि हवा आतच राहते. बुचापेक्षा मऊ आणि हलका. दुसऱ्या महायुद्धात जावा जपान्यांच्या हाती गेलं तशी अमेरिकेची कापोकची रसद तुटली. तेव्हा त्यांनी आपल्या रुईच्या नात्यातल्या मिल्कवीड या रानझुडपाकडे मोर्चा वळवला. १९४४ साली शाळकरी पोरं पोती घेऊन रानोमाळ त्याची बोंडं गोळा करत फिरली. दोन पोती बोंडांत एक जॅकेट, असा हिशेब होता. आपल्याकडे वाऱ्यावर उडणारी 'म्हातारी' पकडायला पोरं धावतात, तीच ही जात. फरक इतकाच की तिकडे त्या म्हाताऱ्या नौसैनिकांच्या छातीवर शिवल्या गेल्या. कापोकला खोडही होती. तेल लागलं की तो बिघडायचा, पेटायचा झटकन, आणि दाबून दाबून चपटा झाला की तरंगणं कमी.

इथवर सगळ्यांचा समज एकच होता, की पाण्यात माणूस बुडून मरतो, म्हणून नाक वर ठेवा.

१५ एप्रिल १९१२ च्या पहाटे हा समज खोटा पडला होता, पण ते कुणी नीट वाचलं नाही. टायटॅनिकवरच्या शेकडो लोकांच्या अंगात बुचाचे पट्टे होते. पाणी शून्याखाली दोन अंशांच्या आसपास. दोन तासांच्या आत कार्पेथिया हे मदतीचं जहाज पोहोचलं, तेव्हा माणसं तरंगतच होती, डोकी पाण्याबाहेर, पण मेलेली. नोंदींत मात्र कारण 'बुडून' असंच पडलं. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीसपट वेगाने अंगातली ऊब ओढून घेतं; त्या रात्री तरंगणं कमी पडलं नव्हतं, ऊब पडली होती.

गंमत म्हणजे उबेचा सूट तेव्हा चाळीस वर्षांचा जुना होता. १८७२ साली अमेरिकेत मेरिमन नावाच्या माणसाने आगबोटीच्या प्रवाशांसाठी रबराचा अख्खा सूट काढला होता. त्यात हवा भरायचे कप्पे होते, आणि आत लोकरीचे कपडे घालता येत. पॉल बॉयटन हा सूट घालून १८७५ मध्ये इंग्लिश खाडी ओलांडून गेला, पाण्यावर उताणा पडून, दोन टोकांचं वल्हं मारत, जवळजवळ चोवीस तासांत. लोकांनी त्याला तमासगीर ठरवलं आणि टाळ्या वाजवून घरी गेले. प्रवाशांच्या केबिनमध्ये तो सूट कधी आला नाही.

दुसऱ्या महायुद्धाने डोळे उघडले. ब्रिटिश नौदलाच्या १९४६ च्या टॅलबट समितीला दिसलं, की जहाजाबरोबर मेलेल्यांपेक्षा जहाजातून सुखरूप बाहेर पडून मग पाण्यात मेलेले जास्त आहेत. तिथून थंड पाण्यावरचं संशोधन सुरू झालं. दरम्यान कापडही बदललं. निओप्रीन १९३० सालीच प्रयोगशाळेत तयार झालं होतं, १९५२ च्या सुमारास कॅलिफोर्नियात ह्यू ब्रॅडनर यांनी त्याचा पाणबुड्याचा सूट केला. आणि आला बंद कप्प्यांचा फोम. भांडी घासायचा स्पंज पाणी पितो कारण त्याचे कप्पे एकमेकांत उघडतात. पायातली स्लीपर पीत नाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री पस्तीस फुटांवर गेली तेव्हा आमच्या जिन्याखालून कुणाकुणाच्या चपला रांगेने तरंगत जाताना मी पाहिल्यात. बर्फावरच्या सूटच्या अस्तरात आज जे भरलेलं असतं ते नात्याने त्या चपलेच्याच जवळचं. तो फोम तरंगवतोही आणि ऊबही धरतो. भोपळा आणि गोधडी पहिल्यांदाच एका कापडात आली. व्हँकुव्हरला १९६७ मध्ये सुरू झालेल्या मस्टँग कंपनीचा 'फ्लोटर' कोट असाच, दिसायला साधं जॅकेट, आत फोम. सत्तरच्या दशकात व्हिक्टोरिया विद्यापीठातल्या हेवर्ड, एकर्सन आणि कॉलिस यांनी माणसांना थंड पाण्यात बसवून शरीराचे कुठले भाग जास्त ऊब गमावतात ते मोजलं : मान-डोकं, छातीच्या बाजू, जांघा. त्यावरून त्यांनी जॅकेटला मागे एक झालर लावली. पाण्यात पडलं की ती पायांमधून पुढे ओढून अडकवायची, म्हणजे आखूड चड्डीसारखी जांघ झाकते. लंगोट म्हणा हवं तर.

तरी कायदा हलायला दोन हिवाळे लागले. १५ फेब्रुवारी १९८२ ला न्यूफाउंडलंडजवळ ओशन रेंजर हा तेलफलाट वादळात गेला. ८४ माणसं होती, एकही वाचलं नाही, आणि थंड पाण्याचे सूट फलाटावर नव्हते. काही जण लाइफबोटीतून मदतीच्या जहाजाशेजारी पोहोचलेही होते, तिथे बोट उलटली. पुढच्या वर्षी १२ फेब्रुवारीला व्हर्जिनियाजवळ मरीन इलेक्ट्रिक हे कोळशाचं जहाज बुडालं. पाणी चार अंशांच्या आसपास. हेलिकॉप्टर आलं, पाळणा खाली सोडला, पण पाण्यातल्या माणसांची बोटंच चालेनात. पाळणा हाताशी होता आणि त्यात चढता येत नव्हतं. ३४ पैकी तीन वाचले. फलाटावर काम केलेल्या माणसाला या दोन तारखा पाठ असतात.

त्यानंतर नियम आले. जहाजांवरच्या बुडीत-सूटला आज कसोटी अशी आहे : दोन मिनिटांत अंगात चढला पाहिजे, आणि शून्य ते दोन अंशांच्या पाण्यात सहा तास राहून अंगाचं आतलं तापमान दोन अंशांपेक्षा जास्त उतरता कामा नये. २००६ पासून मालवाहू जहाजांवर माणशी एक सूट लागतो, उष्ण पाण्यात फिरणाऱ्या जहाजांना मात्र सूट आहे (हा शब्द इथे असा घोटाळा करतो, इलाज नाही). म्हणूनच मुंबई हायला आम्हाला तो कधी नेसावा लागला नाही. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात पी-३०५ ही बार्ज बुडाली. बरेच जण गेले, पण जे वाचले त्यांतले कित्येक जण नुसत्या लाइफ जॅकेटवर तासन् तास खवळलेल्या समुद्रात होते. अरबी समुद्र उबदार होता म्हणून ते शक्य झालं. चार अंशांच्या पाण्यात तेच जॅकेट अंगात असतं, तर ती रात्र निघाली नसती.

बडोद्यात लाइफ जॅकेट हा शब्द निघाला की कुणीही थंडीबद्दल बोलत नाही, आणि ते बरोबर आहे. हरणीच्या मोटनाथ तलावात १८ जानेवारी २०२४ ला शाळेच्या सहलीची बोट उलटली, बारा मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. सगळ्यांच्या अंगात जॅकेट नव्हतं. तिथे साधं तरंगणंच हवं होतं, १८५४ चं.

आता भाच्याची पट्टी.

१९८१ साली ब्रिटिश नौदलातले डॉक्टर फ्रँक गोल्डन यांनी हार्वे यांच्याबरोबर थंड पाण्यातल्या मरणाचे टप्पे मांडले. पहिल्या तीन मिनिटांत धक्का, मग हातपाय निकामी होणं, अर्ध्या तासानंतर कुठे अंग गार पडणं, आणि शेवटी वर काढल्यावर कोसळणं. विनिपेगच्याच मॅनिटोबा विद्यापीठात गॉर्डन गीसब्रेख्त यांनी हे साध्या माणसासाठी १-१०-१ असं सोपं केलं. एक मिनिट श्वास आवरायला, दहा मिनिटं हातपाय कामाचे, एक तास शुद्ध जाईपर्यंत. हे गृहस्थ स्वतः अनेकदा बर्फाच्या पाण्यात उतरले आहेत, तिकडे त्यांना प्रोफेसर पॉप्सिकल म्हणतात.

या हिशेबात एक उलटं वळण आहे. शंभर वर्षं तरंगण्यावर भर देऊन उबेकडे दुर्लक्ष झालं हे खरं, पण पहिल्या मिनिटात पुन्हा बूचच लागतं. गार पाणी अंगाला लागताच माणूस 'हाऽऽ' करून श्वास ओढतो, त्याला तो थांबवता येत नाही. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असलं की संपलं. बर्फ फुटून खाली गेलेल्या माणसाचं तोंड खालीच असतं. पुढच्या दहा मिनिटांत त्याला आलेल्या दिशेने, म्हणजे ज्या बर्फाने मघाशी वजन पेललं होतं तिकडे वळून, पाय मागे वर आणून झाडत, पोटावर सरकत बाहेर यायचं असतं. पाय खाली लोंबत राहिले तर ते होत नाही. पँटमधला फोम इथे कामाला येतो. सहा तासांचा जहाजी सूट या माणसाच्या उपयोगाचा नाही. तो घालून स्लेज ओढत मैलभर चाललात तर आत घामाने भिजाल, आणि मग स्टुलावर बसून तोच घाम गोठवेल. बर्फावरचा सूट म्हणून मुद्दाम सैल, जाळीचा, पाणी वाहून जाऊ देणारा आणि फोमचे लहान लहान तुकडे विखरून शिवलेला असतो. तो कोरडं ठेवत नाही, आणि त्याच्याकडून ती अपेक्षाही करू नये.

'फ्लोट असिस्ट' म्हणजे फोम आहे, मदत होईल, पण किती याची हमी कुणी तपासून दिलेली नाही. अंगावर दुसरं काही नसलेल्या प्रौढ माणसाला डोकं वर ठेवायला पाण्यात साधारण तीन ते पाच किलोंचा जादा उचल पुरतो. अमेरिकी तटरक्षक दलाच्या मंजुरीला सात किलो लागतो. मंजूर वस्तूवर मंजुरीचा क्रमांक असतो. भाच्याने पट्टी उलटसुलट केली, क्रमांक सापडला नाही. मग मी त्याला पँटची पट्टी दाखवायला सांगितली. तिच्यात फोमचा उल्लेखच नव्हता. जॅकेट तरंगणारं, पँट नुसती उबेची, आणि दुकानात दोन्ही एकाच हँगरला.

ते परत गेलं. दुसरा घेतला तोही फ्लोट असिस्टच आहे, पण पँटमध्येही फोम आहे, मनगटाच्या चिकटपट्ट्या घट्ट बसतात, आणि छातीवर दोन बर्फटोचे अडकवायला जागा आहे. बर्फटोचे म्हणजे लाकडी मुठीतला खिळा, दोन्ही हातांत धरून बर्फात रोवायचा आणि अंग ओढून घ्यायचं. स्वच्छ, नवा बर्फ चार इंच असल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही, आणि पांढरट बर्फ त्याच्या निम्म्या ताकदीचा धरायचा, हे त्याला तिथल्याच लोकांनी शिकवलं. २००९ च्या फेब्रुवारीत लेक ईरीवर बर्फाचा अख्खा पट्टा सुटून १३४ गळवाले पाण्यावर वाहत गेले होते, त्यामुळे वाऱ्याची दिशाही आता तो पाहतो.

ताईला फोटो आला. नारिंगी-काळा सूट, गळ्यात टोचे, हातात पिकरेल. तिने विचारलं, "हे खिळे कशाला गळ्यात? मासे सोलायला?"