वरचे दूध (सोलापूर)

वरचे दूध : आईच्या दुधाऐवजी किंवा त्याच्या जोडीला तान्ह्या बाळाला पाजायचे दूध. या शब्दात गायी-म्हशीचे दूधही येते. पण एक वर्षाच्या आत ते मुख्य आहार म्हणून देऊ नये, कारण त्यात लोह कमी असते आणि प्रथिने व क्षार बाळाच्या मूत्रपिंडांना झेपत नाहीत. या नोंदीत डब्यातल्या पावडरच्या दुधाचाच विचार केला आहे.

पहिले सहा महिने निव्वळ आईचे दूध हाच सर्वांत सुरक्षित आहार. ‘दूध पुरत नाही’ हे बाळंतिणीला घरातूनच फार लवकर ऐकवले जाते. बाळ रडते म्हणून तसा निष्कर्ष काढू नये. दिवसरात्रीत सहा किंवा अधिक वेळा लघवी होत असेल आणि वजन नीट वाढत असेल, तर दूध पुरते आहे. आई हयात नसणे, तिची काही औषधे, बाळाचा एखादा दुर्मिळ आजार किंवा मदत घेऊनही दूध न उतरणे अशा वेळी पावडर लागते, आणि मग त्या आईला अपराधी वाटू देणे हा तिच्यावर अन्याय आहे.

निवडीची बाजू सोपी आहे. सहा महिन्यांपर्यंतच्या बाळाला पहिल्या टप्प्याचा डबा घ्यावा. आयएसआय चिन्ह, मुदतीची तारीख आणि न उघडलेले सील पाहावे. या दुधासाठी भारतीय मानक ठरलेले आहे (आयएस १४४३३), त्यामुळे महागडा डबा म्हणजे जास्त पोषण असे नाही. सोयाचे किंवा लॅक्टोजविरहित (दुधातली साखर नसलेले) दूध डॉक्टरांनी सांगितल्यावरच द्यावे. १९९२ च्या कायद्याने, आणि २००३ च्या दुरुस्तीनंतर अधिक कडकपणे, दोन वर्षांखालील मुलांसाठीच्या अशा दुधाची व बाटल्यांची जाहिरात करणे आणि फुकट नमुने वाटणे बंद केले आहे. डब्यावर बाळाचे चित्र नसते ते याच कायद्यामुळे.

खरा धोका पाण्यात आणि मापात असतो. सोलापूर शहराला उजनी धरणाचे, टाकळी गावाजवळ भीमेतून उचललेले आणि हिप्परगा तलावाचे पाणी मिळते, पण नळ काही दिवसांआड येतो. शेवटच्या दिवशी बॅरलच्या तळाशी उरलेल्या पाण्यात तांब्या बुडवला जातो, आणि तांब्याबरोबर हातही. बाळासाठी नळ आल्या दिवशीच वेगळी, झाकणाची कळशी भरून ठेवावी व त्यातले पाणी ओगराळ्याने काढावे. जारचे पाणीही उकळल्याशिवाय वापरू नये. बोअरचे जड पाणी शक्यतो टाळावे: उकळल्याने जंतू मरतात, पण क्षार आणि नायट्रेट जात नाहीत, उलट पाणी आटल्यावर त्यांचे प्रमाण वाढते.

पावडर स्वतः निर्जंतुक नसते. तिच्यात क्रोनोबॅक्टर किंवा साल्मोनेला हे जंतू असू शकतात. दोन महिन्यांच्या आतल्या आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळाला ते जिवावर बेतू शकतात. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला असा की पाणी खळखळून उकळावे आणि ते ७० अंश सेल्सिअसच्या खाली जाण्याआधीच त्यात पावडर घालावी. लिटरभर पाणी झाकून ठेवले तर अर्ध्या तासाच्या आत वापरावे; वाटीभर पाणी फार लवकर निवते. काही डब्यांवर कोमट पाणी लिहिलेले असते. अशा वेळी, विशेषतः बाळ नाजूक असेल तर, डॉक्टरांना विचारून घ्यावे. दूध ढवळल्यावर भांडे गार पाण्यात धरून निववावे आणि मनगटाच्या आतल्या बाजूवर थेंब टाकून पाहावे.

आधी पाणी, मग पावडर. डब्यातलाच चमचा वापरावा, तो दाबून भरू नये, सुरीच्या पाठीने सपाट करावा. बहुतेक डब्यांत ३० मिलिलिटर पाण्याला एक चमचा असे प्रमाण असते, तरी आपल्या डब्यावरचेच पाळावे. ५ किलोच्या बाळाला दिवसाला साधारण ७५० मिलिलिटर दूध लागते, म्हणजे २५ चमचे. चमच्यात साडेचार ग्रॅम पावडर धरली तर ४०० ग्रॅमचा डबा साडेतीन दिवसांत संपतो. विडी वळून किंवा यंत्रमागावर राबून चालणाऱ्या घरात हा हिशेब फार जड आहे, आणि तिथेच एक चमचा कमी पडू लागतो. पातळ दुधाने बाळाचे पोट भरल्यासारखे दिसते, पण बाळ वाळते, रक्तातले सोडियम घसरून झटकेही येऊ शकतात. घट्ट दुधाने मलावरोध होतो, शरीरातले पाणी कमी पडते. डबा परवडत नसेल तर हे आधीच आशाताईंना किंवा डॉक्टरांना सांगावे. अनेकदा आईचे दूध पुन्हा वाढवता येते.

डब्यावरची कृती घरातल्या ज्या आजीला वाचता येत नाही, तिला ती मराठी, तेलुगू किंवा कन्नड अशा तिच्या भाषेत एकदा करून दाखवावी. विड्यांचे सूप मांडीवरून उतरवल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय दुधाच्या भांड्याला हात लावू नये. तंबाखूची धूळ नखांत राहते.

बाटलीपेक्षा वाटी-चमचा किंवा बोंडले बरे, कारण ती घासून उकळता येतात. बाटलीच्या बुचाच्या सांदीत दूध साचून राहते. तयार दूध दोन तासांत संपवावे, उष्टे उरलेले टाकून द्यावे. पारा चाळिशीपार जातो त्या एप्रिल-मे महिन्यांत तर दूध ताजेच करावे. एसटीने गावी जाताना थर्मासमध्ये कडकडीत पाणी आणि कोरड्या डबीत मोजलेली पावडर वेगवेगळी न्यावी.

बाळ सुस्त पडले, पिणे सोडले, ताप आला, अंग गार पडले किंवा जुलाब लागले तर तडक दवाखाना गाठावा. जाताना डबा आणि त्यातला चमचा सोबत न्यावा. दूध कसे कालवले ते तिथे करून दाखवता येते आणि बॅच क्रमांकही पाहता येतो.